अंगठा स्टिकवरून कधी उठतो? स्पर्धेसाठी कंट्रोलर निवडण्याआधी

व्हिडिओ गेमच्या स्पर्धेसाठी "कुठला कंट्रोलर घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "खेळताना तुझा उजवा अंगठा स्टिकवरून कधी कधी उठतो?" बहुतेक जण आधी माझ्याकडे बघतात आणि मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

माझंही वेगळं नव्हतं. मागे चार पॅडल (मागच्या बोटांनी दाबायची पात्यासारखी बटणं), बदलता येणाऱ्या स्टिक, ट्रिगरला, म्हणजे तर्जनीखालच्या दोन बटणांना, प्रवास अडवणारे खटके, वर दिवे, असा एक कंट्रोलर मी घेतला, तो निव्वळ वैशिष्ट्यांची यादी लांबलचक होती म्हणून. पहिल्याच आठवड्यात एका मॅचमध्ये शेवटचे दोघंच उरलो. समोरचा भिंतीआड. मी श्वास रोखला, कंट्रोलर जरा घट्ट धरला आणि त्या घट्ट धरण्यानेच मधल्या बोटाखालचं पॅडल दाबलं गेलं. माझा गडी ऐन वेळी बंदूक रीलोड करत उभा! पुढचं सांगायला नको. कंट्रोलर बिचारा सांगितलं तेच करत होता. मला चारातली दोनच पॅडल लागत होती, आणि ती कुठली हे मी कधी तपासलंच नव्हतं.

तेव्हा सुरुवात हातापासून करू.

१. आधी स्वतःच्या हातांचा व्हिडिओ काढा

फोन बाटलीला टेकवून असा ठेवा की कंट्रोलर आणि दोन्ही अंगठे नीट दिसतील. मग तीन-चार मॅच खेळा. सरावाच्या नकोत, हरलं की चिडचिड होते अशा हव्यात. निवांत खेळताना हात वेगळे वागतात. नंतर तो व्हिडिओ निम्म्या वेगाने बघा आणि कागदावर रेघा ओढत चला. उडीसाठी अंगठा उठला, एक रेघ. खाली बसायला उठला, एक रेघ. रीलोड, बंदूक बदलणं, दार उघडणं, सगळं मांडा.

हा खटाटोप कशासाठी? साध्या कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याकडे दोन नोकऱ्या असतात. उजवी स्टिक, म्हणजे नेम, त्याच्याकडे. आणि शेजारची चार बटणंही त्याच्याचकडे. तो उडीच्या बटणावर गेला की तेवढा वेळ नेम जागच्या जागी गोठतो. हवेत असताना समोरचा डावीकडे सरकला तर तुम्ही तो जिथे होता तिथे गोळ्या घालत राहता. कस्टमायझेबल कंट्रोलरचा मुख्य उपयोग एवढाच आहे की दुसरी नोकरी मागच्या रिकाम्या बोटांना देता येते. बाकी सारं त्यानंतर.

रेघा मोजताना एक काळजी घ्या. रीलोडपुढे भरपूर रेघा दिसतील, पण रीलोड आपण सहसा आडोशाला करतो. तेव्हा नेम गोठला तरी काही बिघडत नाही. शत्रू पडद्यावर असताना अंगठा उठला ती रेघ लाल करा. लाल रेघा ज्या बटणांपुढे जास्त, ती बटणं पाठीमागे जायला हवीत. बहुतेकांच्या बाबतीत ती दोनच निघतात: उडी आणि खाली बसणं किंवा स्लाइड.

आता फुकटचा उपाय आधी करून बघा. बऱ्याच शूटर खेळांत 'बंपर जंपर' नावाचा लेआउट, म्हणजे बटणांची मांडणी, मिळतो, त्यात उडी बंपरवर, म्हणजे ट्रिगरच्या वरच्या बटणावर, येते. कॉल ऑफ ड्यूटीतला 'टॅक्टिकल' लेआउट बसण्या-स्लाइडचं काम उजवी स्टिक दाबण्यावर आणतो. दोन आठवडे असं खेळून बघा. एवढ्याने भागलं तर मागच्या बटणांची निकड नाही. ते पैसे चांगल्या स्टिकवर लावता येतात. काही जण 'क्लॉ' पकड वापरतात, म्हणजे तर्जनी वाकवून वरच्या बटणांवर ठेवायची आणि अंगठा स्टिकवरच. यालाही पैसा लागत नाही, पण मनगट आणि बोटांचे सांधे कुरकुरतात. मी महिनाभर केलं आणि सोडून दिलं. ज्यांना जमतं त्यांना जमतं.

२. खेळ कुठला, त्यावर अर्धा निर्णय

शूटर खेळत असाल तर क्रम सरळ आहे: स्टिक, मागची बटणं, मग ट्रिगर.

रॉकेट लीगचं, म्हणजे गाड्यांनी खेळायच्या फुटबॉलचं, गणित निराळं. तिथे गाडी हवेत असताना उडी, बूस्ट (जोराचा धक्का) आणि एअर रोल (हवेत गाडी कलती फिरवणं) एकमेकांच्या अंगावर येतात. मूळ मांडणीत पॉवरस्लाइड (घसरत वळणं) आणि एअर रोल एकाच बटणावर असतात. म्हणून मुरलेले बरेच खेळाडू बूस्ट उजव्या बंपरवर आणि एअर रोल डाव्या बंपरवर नेतात. हे कुठल्याही साध्या कंट्रोलरवर होतं. मागची बटणं असली तर सोय होते, नसली म्हणून कुणाचं अडत नाही. तिथे डाव्या स्टिकचा डेडझोन, म्हणजे मधली हालचाल खेळ मोजत नाही तो भाग, जास्त छळतो.

फायटिंग गेममध्ये मागची पॅडल जवळजवळ विसरा. स्ट्रीट फायटर ६ सारख्या खेळात दोन-दोन बटणांच्या जोड्या एका बटणावर बसवायची सोय खेळातच आहे. तिथे सगळा जीव दिशांच्या बटणात, म्हणजे डी-पॅडमध्ये. खाली, खालून तिरकं, पुढे, ही दिशांची चाल सलग दहा वेळा डावीकडून आणि दहा वेळा उजवीकडून करून बघा. तिरकी दिशा गळत असेल किंवा नुसतं 'वर' दाबताना डावं-उजवंही लागत असेल, तर वरची सगळी सजावट फुकट. पुढे जाऊन याच खेळांसाठी नुसत्या बटणांचे, स्टिक नसलेले 'लेव्हरलेस' कंट्रोलरही विचारात घेता येतात, पण नवख्याने लगेच तिकडे धावू नये.

रेसिंगवाल्यांना एकच सांगणं: ट्रिगरचे खटके लावू नका. तिथे ट्रिगर म्हणजे अॅक्सिलरेटर आणि ब्रेक. त्याचा प्रवास कापला की अर्धा ब्रेक दाबायची सोयच जाते. फुटबॉलच्या खेळातही खटक्यांचा फारसा फायदा नाही.

३. स्पर्धेचे नियम आणि तुमचं मशीन

ही पायरी लोक सगळ्यात शेवटी करतात. मग महागडा कंट्रोलर स्पर्धेच्या टेबलावरून परत पिशवीत जातो.

मशीनचं आधी बघा. प्लेस्टेशन ५ च्या खेळांना प्लेस्टेशन ४ चा साधा कंट्रोलर चालत नाही. बाहेरच्या कंपनीचा घ्यायचा तर तो प्लेस्टेशन ५ साठी परवाना घेतलेला हवा. एक्सबॉक्सने नोव्हेंबर २०२३ पासून परवाना नसलेली उपकरणं अडवायला सुरुवात केली. पीसीवर मोकळीक जास्त, पण तिथली एक गोम माहीत असायला हवी. विंडोजवरचे बहुतेक खेळ कंट्रोलरशी 'एक्सइनपुट' नावाच्या पद्धतीने बोलतात, आणि या पद्धतीला मागची बटणं ठाऊकच नाहीत. तुमचं पॅडल खेळाला पॅडल म्हणून दिसत नाही. ते पुढच्या एखाद्या बटणाची नक्कल करतं. म्हणजे चार पॅडल घेतली म्हणून चार नवी कामं मिळत नाहीत, आधीचीच कामं चार नव्या जागी मिळतात. जाहिरातीत 'चार जादा बटणं' वाचून घोटाळा होतो तो इथेच. स्टीममधून, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या खेळ विकणाऱ्या-चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, खेळलात आणि कंट्रोलर स्टीमला नीट ओळखू आला तर पॅडलला वेगळी की देता येते, पण कन्सोलवर तो मार्ग नाही.

आता नियम. स्पर्धागणिक ते बदलतात, पण गाभा साधारण एकच: एका दाबण्याला एक काम. एका बटणात तीन कामांची मालिका भरली की तो मॅक्रो. बटण धरून ठेवल्यावर आपोआप धडाधड दाबलं जातं तो टर्बो. हे दोन्ही बहुतेक ठिकाणी बाद. कंट्रोलरमध्ये ही सोय आहे एवढ्यावरून सगळीकडे हाकलत नाहीत, पण ती पूर्ण बंद करता येते ना, आणि बंद आहे हे पंचाला दाखवता येतं ना, ते बघून घ्या. क्रोनस झेनसारख्या मधल्या डब्या, ज्या बंदुकीचा झटका आपोआप सावरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कॉल ऑफ ड्यूटीच्या रिकोशे या चीटविरोधी यंत्रणेने २०२३ मध्ये त्यांच्यावर नेम धरला. त्याच वर्षी रेनबो सिक्स सीजने कन्सोलवर चोरून माउस-कीबोर्ड लावणाऱ्यांसाठी 'माउसट्रॅप' आणला. तो पकडलेल्याला हाकलत नाही, त्याच्या बटणांना उशीर लावतो. शिक्षा म्हणून मला ती फार आवडली.

फायटिंग गेमवाल्यांनी 'एसओसीडी' हा शब्द लक्षात ठेवावा. डावं आणि उजवं एकदम दाबलं तर कंट्रोलरने काय सांगायचं, त्याचा हा नियम. स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमने २०२३ च्या आपल्या प्रो टूर या स्पर्धामालिकेसाठी तो कडक केला. डावं-उजवं एकत्र आलं तर निकाल तटस्थच हवा. लेव्हरलेस घेणाऱ्याने ही सेटिंग बदलता येते का, हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

वायरलेसचंही विचारून घ्या. पुष्कळ लॅन स्पर्धांत, म्हणजे सगळे एका ठिकाणी जमून खेळतात त्यांत, वायर सक्तीची असते.

४. स्टिक: इथे घाई नको

कंट्रोलरमध्ये सगळ्यात आधी मरते ती स्टिक. म्हणून माझ्या हिशेबाने अर्धं लक्ष इथेच हवं.

वर्षानुवर्षं वापरात असलेली पद्धत पोटेन्शिओमीटरची. आत कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावर धातूचा स्पर्शक घासत फिरतो. स्पर्शक पट्ट्यावर कुठे आहे त्यावरून विजेचा दाब बदलतो, आणि त्यातून स्टिक किती वाकली ते कळतं. घासणं आलं की झीज आली. उपकरणं उघडून दाखवणाऱ्या आयफिक्सिटने २०२१ साली ड्युअलसेन्स, म्हणजे प्लेस्टेशन ५ चा साधा कंट्रोलर, उघडून दाखवला तेव्हा त्यातल्या स्टिकच्या पोटेन्शिओमीटरचं आयुष्य उत्पादकाने २० लाख फेऱ्या दिल्याचं समोर आलं. २० लाख म्हणजे खूप वाटतं. पण शूटरमध्ये उजवी स्टिक मिनिटाला किती वेळा इकडून तिकडे जाते ते मोजा, मग आकडा भराभर आटतो. त्यांच्याच हिशेबाने जोरात खेळणाऱ्याच्या हाती तो ४०० च्या आसपास तासांतच संपत होता. पट्टा झिजला किंवा आत धूळ गेली की स्टिक सोडून दिली तरी कॅमेरा आपोआप सरकतो. हाच ड्रिफ्ट.

याला उतारा म्हणजे हॉल इफेक्ट. एडविन हॉल याने १८७९ साली दाखवलेला परिणाम: वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या आडव्या दिशेने दाब तयार होतो. स्टिकच्या बुडाशी चुंबक, समोर सेन्सर. मोजताना कुणी कुणाला घासत नाही. ही काही कालची युक्ती नव्हे. सेगाने १९९६ मध्ये सॅटर्नच्या थ्री-डी पॅडमध्ये आणि १९९८ मध्ये ड्रीमकास्टमध्ये हीच वापरली होती. मधली वीस-पंचवीस वर्षं स्वस्त पोटेन्शिओमीटरने मैदान मारलं आणि आता गुलीकिट, गेमसर, एटबिटडू यांसारख्या कंपन्यांनी हॉल पुन्हा आणला. त्याचाच चुलतभाऊ टीएमआर. तोही चुंबकावर चालतो, पण वीज कमी खातो आणि बारीक हालचाल जास्त नेमकी टिपू शकतो, त्यामुळे वायरलेस कंट्रोलरला बरा पडतो.

पण डब्यावर 'हॉल इफेक्ट' लिहिलं म्हणजे स्टिक उत्तम, असं समजू नका. सेन्सर झिजत नाही, स्प्रिंग झिजते. स्टिक सोडल्यावर दर वेळी नेमकी त्याच जागी परत येते का, हे स्प्रिंगवर आणि बांधणीवर अवलंबून असतं. मी असा एक हॉल कंट्रोलर वापरला आहे ज्याला वर्षभरात ड्रिफ्ट झाला नाही, पण स्टिक डावीकडून सोडली की एका जागी थांबायची आणि उजवीकडून सोडली की दुसऱ्या. त्यापेक्षा धड बांधणीचा पोटेन्शिओमीटर परवडला.

दुसरा रस्ता म्हणजे स्टिकचा अख्खा भागच बदलता येणं. सोनीच्या जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या ड्युअलसेन्स एजमध्ये आतली स्टिक पोटेन्शिओमीटरचीच आहे, पण ती अख्खी उपसून नवी बसवता येते. सोल्डरिंग नाही, काही नाही. मायक्रोसॉफ्टच्या एलिट सिरीज २ मध्ये वरची टोपी बदलता येते आणि स्टिकचा ताणही कमी-जास्त करता येतो, पण आतला भाग असा सहज निघत नाही. रोज तासन् तास खेळणाऱ्याने 'स्टिक गेली तर मी काय करणार?' या प्रश्नाचं उत्तर विकत घेण्याआधी शोधून ठेवावं.

उंचीचं गणित सोपं आहे. स्टिक जितकी उंच, तितकं तोच कोन गाठायला अंगठ्याला जास्त अंतर कापावं लागतं. म्हणजे बारीक नेम सोपा, पण गर्रकन मागे वळणं हळू. म्हणून बरेच शूटरवाले उजवी स्टिक उंच आणि चालण्याची डावी बुटकी ठेवतात. टोपी खोलगट की घुमटासारखी, हा निव्वळ आवडीचा मामला. घाम येणाऱ्या हातांना खोलगट बरी. ताण वाढवला की अंगठा थरथरला तरी नेम हलत नाही, पण तासाभराने अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. मध्यम ताणापासून सुरुवात करा.

५. मागची बटणं: किती, कशी

किती या प्रश्नाचं उत्तर तुमच्या लाल रेघांनी आधीच दिलं आहे. दोन लागत असतील तर दोनवालाच घ्या. एलिटला मागे चार पॅडल आहेत, एजला दोन बटणं. एलिटची नको ती पॅडल सरळ उपसून ठेवता येतात. आधीच्या प्रसंगानंतर मी तेच शिकलो: बोटाखाली नसलेलं पॅडल चुकून दाबलं जात नाही.

आकार दोन प्रकारचे. लांब पात्यासारखं पॅडल कुठल्याही पकडीत बोटाला सापडतं, पण चुकून दाबलं जाण्याचा धोकाही त्यालाच. छोटं, घुमटासारखं बटण चुकून दाबलं जात नाही, मात्र बोट नेमकं तिथे विसावायला हवं. ज्यांचे हात लहान त्यांनी मधलं बोट मागे कुठे टेकतं ते कंट्रोलर हातात घेऊनच बघावं. चित्रावरून कळत नाही. दाबताना स्पष्ट 'टिक' झाली पाहिजे. लिबलिबीत बटण असेल तर दाबलं की नाही या शंकेतच क्षण निघून जातो.

जाता जाता: मागे बटण लावायची ही कल्पना दिसायला किती साधी, पण तिच्यावरून कोर्टकज्जे झालेत. आयर्नबर्ग इन्व्हेन्शन्स या कंपनीच्या पेटंटवरून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ज्यूरीने स्टीम कंट्रोलरबद्दल व्हॉल्व्हला ४० लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली.

६. ट्रिगर आणि बाकीचं थोडक्यात

शूटरमध्ये ट्रिगर पूर्ण दाबण्यात वेळ जातो, म्हणून खटके असतात. ट्रिगरचा प्रवास मध्येच थांबतो. काही कंट्रोलरमध्ये ट्रिगर माउसच्या बटणासारखा नुसता 'टिक' करतो. खटका लावल्यावर एक तपासा: काही खेळ ट्रिगर बराच आत गेल्याशिवाय गोळी झाडत नाहीत, आणि खटका त्याआधीच अडवत असेल तर बंदूक मुकी होते. खटका लावला की कमी प्रवासालाच पूर्ण दाब समजणारा कंट्रोलर घ्या.

वजन हातात घेऊन बघा. ड्युअलसेन्स सुमारे २८० ग्रॅम, एज सुमारे ३२५. पंचेचाळीस ग्रॅमचा फरक कागदावर काहीच नाही. पाचव्या मॅचला जाणवतो. एजच्या बॅटरीची क्षमताही साध्या ड्युअलसेन्सपेक्षा कमी आहे, १,०५० एमएएच विरुद्ध १,५६०. वायर लावून खेळणार असाल तर त्याने काही अडत नाही. दिवे, रंगीत कवच, नाव कोरून घेणं यावर मी काही बोलत नाही. हौसेला मोल नसतं.

७. उशीर किती, आणि कुठून येतो

जाहिरातीत १,००० हर्ट्झ हा आकडा मोठा छापलेला असतो. पोलिंग रेट म्हणजे कंट्रोलर सेकंदाला किती वेळा आपली स्थिती कळवतो. १२५ हर्ट्झला दर ८ मिलिसेकंदांनी, २५० ला दर ४, १,००० ला दर १. आता दुसरा आकडा शेजारी ठेवा: खेळ ६० फ्रेमवर चालत असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १२० वर ८.३. म्हणजे १२५ वरून २५० वर जाणं कामाचं, ५०० च्या पुढे मात्र नवख्याला फरक कळणं कठीण. टीव्हीचा गेम मोड (टीव्हीचा स्वतःचा उशीर कमी करणारी सेटिंग) बंद ठेवून १,००० हर्ट्झचा कंट्रोलर घेणं म्हणजे घराला दार नाही आणि खिडकीला तीन कुलपं.

वायरलेसमध्ये ब्लूटूथपेक्षा सोबत मिळणारा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) सहसा बरा. आणि वायरबद्दल एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली: प्लेस्टेशन ५ ला ड्युअलसेन्सची केबल नुसती जोडली की चार्जिंग सुरू होतं, पण बोलणं ब्लूटूथवरच चालू राहतं. सेटिंगमध्ये अॅक्सेसरीज, मग कंट्रोलर, तिथे संवादाची पद्धत यूएसबी केबल अशी निवडावी लागते. मी कित्येक महिने वायर लावून वायरलेस खेळत होतो.

पीसीवर खेळणाऱ्यांनी प्रोफाइल, म्हणजे आपण लावलेल्या मांडण्या, कुठे साठतात ते विचारावं. कंट्रोलरच्या आत साठत असतील तर उत्तम. संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये साठत असतील तर स्पर्धेच्या संगणकावर ते सॉफ्टवेअर टाकायला कुणी देणार नाही, आणि तुमची सगळी मांडणी घरीच राहील.

८. डबा उघडला की त्याच दिवशी

परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करा. ब्राउझरमध्ये चालणारा कुठलाही गेमपॅड टेस्टर उघडा. कंट्रोलर टेबलावर ठेवा, हात लावू नका. दोन्ही स्टिकचे आकडे शून्याच्या किती जवळ आहेत ते बघा. मग स्टिक एका बाजूला नेऊन हळूच नव्हे, टणकन सोडा. चारही दिशांनी पाच-पाच वेळा. दर वेळी थांबल्यावरचा आकडा लिहा. समजा, सगळ्यात वाईट आकडा ०.०५ आला. तर तुमचा डेडझोन ०.०५ पेक्षा जरासाच मोठा, ०.०६-०.०७ पुरे. आणि ०.१५ आला तर कंट्रोलर परत पाठवा, डेडझोन वाढवून झाकू नका.

डेडझोन म्हणजे मधला असा भाग जिथली हालचाल खेळ मोजतच नाही. एक्सइनपुटमध्ये स्टिकची मापं −३२,७६८ ते ३२,७६७ अशी येतात, आणि मायक्रोसॉफ्टने सुचवलेला डेडझोन डाव्या स्टिकला ७,८४९ व उजवीला ८,६८९ आहे. भागाकार करून बघा: उजव्या स्टिकचा पाव भागाहून थोडा जास्त प्रवास बाद! एखादा खेळ हेच आकडे जसेच्या तसे वापरत असेल तर तुमची नवी कोरी, नेमकी स्टिक त्या पाव भागात मुकीच राहते. म्हणून खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन डेडझोन मोजून कमी करणं हे नव्या कंट्रोलरचं पहिलं काम. ज्यांनी हे केलं नाही ते म्हणतात, "इतका महाग घेतला, फरक काहीच नाही." नाचता येईना, अंगण वाकडं.

त्याच टेस्टरवर स्टिक काठाकाठाने गोल फिरवा. चारही दिशांना आणि चारही कोपऱ्यांना टोक गाठतं का? एखाद्या बाजूला ०.९२ वरच थांबत असेल तर त्या बाजूला तुमचा गडी पूर्ण वेगाने धावणार नाही. कॅलिब्रेशनने सुटलं तर ठीक, नाहीतर परत.

रिस्पॉन्स कर्व्ह, म्हणजे स्टिक किती वाकवल्यावर नेम किती वेगाने फिरतो त्याची चढण, खेळातच बदला. कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक आणि खेळात दुसरी अशा दोन चढणी एकमेकींवर बसल्या की काय बिघडलं ते शोधणं अशक्य होतं. कंट्रोलरमध्ये सरळ रेघ ठेवा, जे करायचं ते खेळात करा.

९. हाताला सवय लागेपर्यंत

पहिल्या आठवड्यात एकच पॅडल वापरा. उडी तिथे ठेवा आणि पुढचं उडीचं बटण खेळाच्या सेटिंगमधून काढून टाका, नाहीतर घाईत अंगठा जुन्या घरी जाणारच. पॅडलवर खेळाला तेच बटण दिसत असल्याने कधी कधी हे जमत नाही. मग पुढच्या बटणावर चिकटपट्टीचा खडबडीत तुकडा लावा. अंगठ्याला तो लागला की आपण चुकलो हे लगेच कळतं. मी असाच सुधारलो. दुसऱ्या आठवड्यात दुसरं पॅडल. या काळात तुम्ही आधीपेक्षा वाईट खेळाल, सगळेच खेळतात. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली असेल तर नवा कंट्रोलर डब्यातच राहू द्या. महिन्याने पुन्हा फोन बाटलीला टेकवा, व्हिडिओ काढा, लाल रेघा मोजा. कमी झाल्या नसतील तर गडबड मांडणीत आहे, अजून पॅडल वाढवून ती सुटणार नाही.

१०. स्पर्धेच्या दिवशीची पिशवी

दोन केबल, दोन्ही घरी तपासलेल्या. नुसत्या चार्जिंगची केबल दिसायला अगदी तशीच असते आणि ऐन वेळी तिच्याने कंट्रोलर ओळखलाच जात नाही. जुना साधा कंट्रोलर, राखीव म्हणून. बदलायची स्टिक असेल तर ती. फर्मवेअरचं, म्हणजे कंट्रोलरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आदल्या आठवड्यात; आदल्या रात्री कधीच नाही.

आणि आपली मॅच संपली की कंट्रोलरची जोडणी तोडून उठायचं. एकदा मी हरून खुर्चीतून उठलो, कंट्रोलर पिशवीत कोंबला आणि चहाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. माझा कंट्रोलर अजून त्या कन्सोलला ब्लूटूथने जोडलेलाच होता. पिशवीत केबलच्या गुंडाळीखाली त्याचं मधलं बटण दाबलं गेलं आणि तिकडे दुसऱ्या दोघांच्या फायनल राउंडमध्ये मेन्यू उघडला. फायटिंग गेमच्या कितीतरी स्पर्धांत चालू मॅच थांबवणाऱ्याचा राउंड जातो. इथे थांबवणारा तर रांगेत होता. पंच नुसताच "कुणाचा कंट्रोलर?" म्हणून ओरडत होता, आणि मीही बाकीच्यांसारखा इकडेतिकडे बघत होतो, खांद्यावरची पिशवी मंद निळी उजळेपर्यंत.